शाळेतील उपहास आणि आमचे वाङ्मय

पटावर लिहिलेल्या नावांखेरीज प्रत्येक मराठी शाळेत आणखी काही नावे चालू असतात. ती हजेरीपुस्तकात कोणी लिहीत नाही, परंतु वर्गातील सर्वांस ती पाठ असतात. ज्या मुलाचा आवाज बारीक आहे, ज्याच्या हातवाऱ्यांत थोडी लय आहे, ज्यास मधल्या सुट्टीत मैदानापेक्षा मुलींच्या घोळक्यातील गप्पा प्रिय वाटतात, त्यास दोनचार महिन्यांतच ‘बायल्या’ ही पदवी मिळते. वरच्या वर्गात गेल्यावर तिची जागा ‘छक्का’ हा शब्द घेतो. मुलीच्या बाबतीत समाज काही वर्षे अधिक उदार असतो. झाडावर चढणाऱ्या मुलीचे घरात कौतुकही होते. पण ती चौदा-पंधरा वर्षांची झाली आणि तरीही तिची चाल, तिचा पोशाख व तिची जिवलग मैत्रीण ह्यांत काही पालट झाला नाही, म्हणजे ते कौतुक एकाएकी आटते.

ही नावे ठेवणारी मुले जात्याच दुष्ट असतात असे आम्हांस वाटत नाही. घरातील थट्टेतून, रस्त्यावरून, चित्रपटांतील विदूषकी पात्रांवरून ती हे शब्द उचलतात आणि हाताला लागलेला दगड भिरकवावा तसे भिरकवितात. ह्यातील खरी क्रूरता अशी की, ज्याच्या अंगावर तो शब्द पडतो त्याने स्वतःस अद्याप ओळखलेलेही नसते. ह्यांपैकी काही मुले पुढे समलिंगी निघतील, काहींना आपला देह व आपले अंतरंग ह्यांचा मेळ नाही असे उमगेल, आणि पुष्कळशी ह्यांतले काहीच नसतील. हल्ली एलजीबीटी ह्या इंग्रजी अद्याक्षरांनी ज्या निरनिराळ्या स्त्रीपुरुषांचा एकत्र उल्लेख करतात, त्यांच्याविषयीचा पूर्वग्रह आमच्याकडे असा सुरू होतो. त्याचा पहिला रोख कोणाच्या प्रेमावर नसतो, चालण्याबोलण्यावर असतो. समलिंगी आकर्षण हा रोग नव्हे, हे जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये मान्य केले. आमच्या सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या अशा संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसून टाकला. परंतु मधल्या सुट्टीवर कोणत्याही न्यायालयाचा अंमल चालत नाही.

वैद्यकाचा व कायद्याचा ऊहापोह करणे हा ह्या लेखाचा उद्देश नव्हे. शाळेतल्या ह्या उपहासापुढे उभे राहण्यासाठी आमच्या वाङ्मयाने मुलाच्या हाती काय दिले, एवढेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

आरंभ आम्ही ‘श्यामच्या आई’पासून करतो, आणि काही वाचकांस ह्याचे नवल वाटेल. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक ज्या घरात नाही असे सुशिक्षित मराठी घर विरळा. त्यातील पहिल्याच रात्रीची कथा वटसावित्रीच्या व्रताची आहे. आई आजारी आहे, वडास प्रदक्षिणा घालण्याचे त्राण तिच्यात नाही, म्हणून ती श्यामास आपल्याऐवजी जावयास सांगते. श्याम का कू करतो, आणि त्याचे कारण प्रदक्षिणांचे श्रम हे नव्हे. बायकांच्या मेळ्यात एकटा मुलगा फेऱ्या घालताना दिसला तर पोरे त्यास बायको म्हणून हसतील व शाळेत त्याचा छळ करतील, ही त्याची भीती आहे. मातृभक्तीच्या गहिवरात ही भीती बहुतेकांच्या नजरेतून निसटते. तथापि गुरुजींनी ती लिहून ठेवली आहे, आणि एका मराठी मुलाच्या तोंडून शाळेतल्या ह्या विशिष्ट उपहासाचे इतके सरळ वर्णन त्यापूर्वी कोठे आल्याचे आमच्या पाहण्यात नाही. (श्यामच्या पुढील आयुष्याविषयी आम्ही येथे काही सुचवीत आहो असा तर्क कोणी काढू नये, ज्या मुलांस हे नाव पडते त्यांच्याविषयी असा तर्क काढण्याची सवय हेच तर त्या नावाचे मूळ आहे.)

आईचे उत्तर सर्वांस माहीत आहे. देवाच्या कामात लाज कसली, असे ती त्यास समजाविते, आणि श्याम वडाकडे जातो. हे उत्तर थोर आहे खरे, पण टीकाकाराने थोर उत्तरही तपासून घ्यावे लागते. श्यामास जी सूट मिळाली ती व्रतामुळे व आईच्या दुखण्यामुळे मिळाली. ज्याच्यापाशी व्रत नाही, ज्याची आई धडधाकट आहे, आणि ज्यास केवळ स्वतःच्या हौसेने केसांत फूल माळावेसे वाटते, अशा मुलाने काय करावे ह्याचे उत्तर त्या कथेत नाही. दुसरे असे की, सारा उपदेश श्यामालाच आहे. धैर्य त्याने धरावयाचे, लाज त्याने सोडावयाची. हसणाऱ्या पोरांशी कोणी एक शब्दही बोलत नाही. आमच्या सुसंस्कृत घरांत आजदेखील हाच प्रकार चालतो. छळ होत असलेल्या मुलास ‘तू मनाला लावून घेऊ नकोस’ असे आपण सांगतो आणि छळणाऱ्या मुलाच्या घरी फोन करण्याचे टाळतो.

ह्याच मराठी मध्यमवर्गाने त्याच काळात बालगंधर्वांस डोक्यावर घेतले होते, हे विसरून चालणार नाही. त्यांची लुगडी नेसण्याची तऱ्हा व गजरा माळण्याची पद्धत चांगल्या घरच्या स्त्रिया उचलीत. पुरुषाच्या अंगी स्त्रीचे लावण्य दिसले असता ह्या समाजास किळस येत नव्हती, हे एवढ्यावरून सिद्ध होते. मात्र ते लावण्य रंगमंचाच्या चौकटीत, तिकीट काढून पाहावयाचे होते. तमाशातल्या ‘नाच्या’स तर ती चौकटही पुरेसे संरक्षण देत नाही. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरीतील पहिलवानी अंगाचा गुणा कलेपायी नाच्या होतो आणि बोर्डावर त्यास शिट्ट्या मिळतात, पण बोर्डाबाहेर त्याचे पुरुषपण प्रत्येकजण चव्हाट्यावर मांडतो. टाळी वाजविणारे व नाव ठेवणारे लोक वेगवेगळे नसतात, एवढे त्या कादंबरीने उत्तम दाखविले आहे.

बोलणारा माणूस आमच्याकडे झालाच नाही असे मात्र नाही. र. धों. कर्वे ह्यांनी 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि वाचकांच्या खाजगी प्रश्नांस त्यात छापून उत्तरे दिली. ह्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते. म्हणजे असे प्रश्न पडणारी माणसे मासिके वाचणाऱ्या वर्गातच होती. 1934 मध्ये ह्या उत्तरांपायी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी अखेरीस दंड झालाच. प्रश्न विचारणाऱ्यास कोणी पकडले नाही. उत्तर देणाऱ्यास पकडले. ह्या एका गोष्टीकडे वाचकांनी लक्ष ठेवावे, कारण पुढे दुसऱ्या एका पुस्तकाच्या बाबतीत तिचा पुन्हा प्रत्यय यावयाचा आहे.

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक 1981 मध्ये रंगभूमीवर आले, आणि त्यातील सुमित्रा देव ऊर्फ मित्रा ही भूमिका रोहिणी हट्टंगडी ह्यांनी केली. ‘सखाराम बाइंडर’ व ‘घाशीराम कोतवाल’ ह्यांच्याएवढा गदारोळ ह्या नाटकाच्या वाट्यास आला नाही, आणि म्हणूनच की काय, त्याचा विचारही कमी झाला. ज्यांनी विचार केला त्यांनी ते एका मुलीच्या दुसऱ्या मुलीवरील प्रेमाचे नाटक म्हणून केला. तसे ते आहेच. पण आमच्या मते ते प्रथमतः एका शिक्षणसंस्थेचे नाटक आहे, आणि त्या दृष्टीने वाचले म्हणजे त्याची धार अधिक जाणवते.

काळ दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराचा आहे. बापू हा भिडस्त विद्यार्थी गोष्ट सांगतो. मित्रा धीट आहे, मोकळी आहे, आणि बापूसारख्या मुलाशी बरोबरीच्या नात्याने मैत्री करणारी आहे. लग्न ठरू लागले तेव्हा आपण कोणाची पत्नी होऊ शकणार नाही हे तिला कळून चुकले, आणि तिने जीव देण्याचा प्रयत्न केला. त्यातून ती वाचली आहे. पुढे महाविद्यालयाच्या नाटकात ती पुरुषाची भूमिका करते. तिच्यासमोर नायिका म्हणून नमा उभी राहते, आणि मित्रेस आपले मन सापडते. हा योग तेंडुलकरांनी मोठ्या मार्मिकपणे साधला आहे. जी गोष्ट वसतिगृहात, वर्गात, रस्त्यावर बोलणे अशक्य, ती गोष्ट संस्थेच्याच रंगमंचावर, संस्थेच्याच परवानगीने, पुरुषाच्या पोशाखात बोलता येते. बालगंधर्वांस मिळालेली चौकट येथे क्षणभर एका मुलीस मिळते. पडदा पडतो, आणि तेच बोलणे अपराध ठरते.

मग मन्या दळवी ह्या दांडगट विद्यार्थ्याचे प्रकरण येते. नमेवर त्याचाही हक्क आहे असे तो समजतो. मित्रेने नमेस लिहिलेले पत्र त्याच्या हाती हत्यारासारखे लागते, आणि खाजगी अक्षरे महाविद्यालयात उघड्यावर येतात. येथे नाटककार काय करतो ते पाहावे. दुसऱ्याचे पत्र चव्हाट्यावर आणणारा एक आणि ते लिहिणारी एक, असे दोघे संस्थेपुढे आहेत. कोणत्याही सामान्य नीतीने पहिला अधिक दोषी ठरावा. संस्था नाव काढते ते दुसरीचे. शिक्षकवर्गाचे अस्तित्व ह्या नाटकात जाणवते ते मुख्यतः ह्या शिक्षेच्या रूपाने. मित्रा जीव देऊन परत आली तेव्हा संस्थेस काही कळले नव्हते, दळवीची दांडगाई चालू होती तेव्हाही कळले नव्हते; संस्थेच्या नावास डाग लागेल असे दिसताच मात्र तिला एकदम सारे दिसू लागले. शाळा-महाविद्यालये चालविणाऱ्या आमच्या मंडळींनी ह्या नाटकातील हा भाग तरी एकदा सावकाश वाचावा. 2016 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कलाच्या कारणावरून होणारा छळ व बहिष्कार ह्यांचा उघड समावेश केला आहे, तेव्हा आजच्या महाविद्यालयात निदान कागदोपत्री दळवी आरोपी ठरेल. नाटकातील महाविद्यालयात तशी व्याख्या नव्हती, पण व्याख्या नव्हती म्हणून न्याय झाला नाही असे म्हणणे म्हणजे संस्थेस फार स्वस्तात सोडणे होय.

बापूचे काय? मित्रेचे गुपित त्यास पचते, तो तिला आपली खोली वापरावयास देतो, तिच्यासाठी निंदेचा वाटाही उचलतो. पण हळूहळू त्यास स्वतःच्या नावाची चिंता लागते. मित्रेशी मैत्री ठेवणे म्हणजे त्या कुजबुजीत स्वतः सापडणे, हे त्यास कळते, आणि शेवटी तो तिच्याकडे पाठ फिरवितो. दळवीच्या हल्ल्यातून मित्रा सावरली असती. बापूच्या माघारीतून सावरत नाही. आमच्यासारख्या वाचकांचा प्रतिनिधी नाटकात कोणी असेल तर तो बापूच. दळवीस पाहून आपण नाके मुरडतो, कारण आपण दळवी नाही ह्याची आपणांस खात्री आहे. बापू पाहताना तशी खात्री देता येत नाही. तेंडुलकरांची सहानुभूती येथे जितकी खोल गेली आहे तितकी त्यांच्या अधिक गाजलेल्या नाटकांतही गेलेली नाही, असे आमचे मत आहे.

तरीही ह्या नाटकाविषयी आमची एक तक्रार आहे, आणि ती लहान नाही. मित्रेचा शेवट आत्महत्येत होतो. तिच्यासारखे दुसरे कोणी जगात आहे ह्याची तिला वार्ताही नसते. नाटककार तिला असे एकही माणूस भेटू देत नाही. त्या काळच्या एकाकी मुलीचे ते खरे चित्र असेल, नव्हे, असणारच. पण वाङ्मयात जेव्हा अशा एकुलत्या एका मुलीस स्थान मिळते आणि तिलाही नाटककार मृत्यूकडे नेतो, तेव्हा सोळा वर्षांच्या वाचक मुलीस त्या एकाच पेल्यातून कळवळा व निराशा दोन्ही प्यावी लागतात. ह्या नाटकाने वडील माणसांस पुष्कळ शिकविले. मित्रेच्या वयाच्या मुलीच्या हाती ते एकटेच द्यावयाचे म्हटले तर आमचा हात अडखळेल. त्याच्या जोडीस दुसरे पुस्तक हवे.

ते दुसरे पुस्तक 2012 मध्ये आले. लक्ष्मी त्रिपाठी ह्यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे आत्मचरित्र वैशाली रोडे ह्यांनी त्यांच्या तोंडून ऐकून शब्दबद्ध केले. वाङ्मयीन रचना म्हणून त्यात दोष काढता येतील. ते बोलण्याच्या ओघात धावते, पुढच्या भागात सभा, प्रवास व मानसन्मान ह्यांची गर्दी होते, आणि कोठे कोठे आत्मगौरवही डोकावतो. परंतु ठाण्यात गेलेल्या बालपणाची त्यातील पाने आमच्या वाङ्मयात दुसरीकडे नाहीत. मूल नाजूक प्रकृतीचे, दम्याने बेजार; नाचाची विलक्षण आवड; चालणे-बोलणे पाहून सोबत्यांनी ठेवलेली ती नेहमीची नावे; आणि ह्या सर्वांच्या खाली, घरच्याच वर्तुळातील माणसांकडून झालेला लैंगिक अत्याचार. ह्या दोन गोष्टींचा संबंध लेखिकेने ठसठशीतपणे मांडला आहे. ज्या मुलास सगळे हसतात त्याची तक्रार कोणी खरी मानणार नाही, हे अत्याचार करणारा बरोबर ओळखतो. शाळेतली थट्टा ही निरुपद्रवी गंमत आहे असे मानणाऱ्या पालकांनी एवढे एक प्रकरण वाचले तरी पुरे.

ह्याच पानांत एक असा प्रसंग आहे की त्यावर स्वतंत्र निबंध लिहिता यावा. शाळकरी वयात लक्ष्मी मुंबईच्या महेश्वरी उद्यानात अशोक राव कवी ह्यांस भेटतात. (‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढणारे व हमसफर ट्रस्ट स्थापणारे ते हेच.) आपल्यात काही बिघाड आहे का, असा त्या मुलाच्या मनातला प्रश्न. बिघाड काही नाही, शाळा सोडू नकोस, शिकत राहा, अशा आशयाचे उत्तर त्यास मिळते. एवढेच. ह्या उत्तरात गूढ तत्त्वज्ञान नाही, वैद्यकीय ज्ञान नाही, कोणत्याही वर्गशिक्षकास देता येण्यासारखे ते आहे. पण ते मुलास शाळेत मिळाले नाही. आगगाडीने जाऊन, एका उद्यानात, अनोळखी माणसाकडून ऐकावे लागले. लक्ष्मी पुढे महाविद्यालयात गेल्या, भरतनाट्यम शिकल्या, बोलावयास उभ्या राहिल्या. उद्यानात त्या दिवशी दुसराच कोणी भेटला असता तर काय झाले असते, ह्याचा विचार लेखिका करीत नाही, वाचकाच्या मनात मात्र तो येतो.

ह्या दोहोंच्या मध्ये सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी 2006 मध्ये येऊन गेली. पुण्याच्या मध्यमवर्गीय घरात भाऊ व बहीण एकाच भाडेकरूवर प्रेम करतात, अशी तिची मांडणी आहे. तिचे क्षेत्र घर आहे, शाळा नव्हे, म्हणून येथे तिचा विस्तार करीत नाही. एवढे मात्र सांगितले पाहिजे की, बहिणीचे दुःख घरात बोलता येते आणि भावाचे येत नाही, हा त्या कादंबरीतील सूक्ष्म भेद शाळेतल्या प्रश्नाचीच घरातली बाजू आहे.

आता ज्या पुस्तकाचा उल्लेख आम्ही मघाशी राखून ठेवला त्याकडे वळू. ते कथा-कादंबरी नव्हे. शिक्षकांसाठी लिहिलेली एक सरकारी पुस्तिका आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीईआरटीने, शालेय शिक्षणात पारलिंगी मुलांस सामावून घेण्याविषयी 2021 मध्ये एक मार्गदर्शिका तयार करून आपल्या संकेतस्थळावर ठेवली. शिक्षकांचे व शाळेतील नोकरवर्गाचे प्रबोधन, कोणासही वापरता येईल असे एखादे स्वच्छतागृह, गणवेशाच्या बाबतीत मोकळीक, मुलगे व मुली अशा रांगा विनाकारण न पाडणे, पारलिंगी व्यक्तींस शाळेत व्याख्यानास बोलावणे, अशा तिच्या सूचना होत्या. काही वैद्यकीय मजकूरही होता. त्यातील वयात येणे लांबविणाऱ्या औषधांच्या उल्लेखावर आक्षेप आले. तो भाग शिक्षकांच्या पुस्तिकेत किती असावा ह्यावर मतभेद होऊ शकतो, हे आम्ही मान्य करतो. परंतु मतभेदाच्या भागावर चर्चा होऊन उरलेला भाग राहिला, असे घडले नाही. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने पत्र लिहिले आणि थोड्याच दिवसांत सारी पुस्तिकाच संकेतस्थळावरून नाहीशी झाली. पुढे दुसरा मसुदा तयार झाला. पण शिक्षकाच्या हाती आलेले पहिले पुस्तक ज्या वेगाने काढून घेतले गेले, त्या वेगाचा धडा शिक्षक विसरलेले नसतील. कर्व्यांच्या खटल्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी पुन्हा उत्तर देणाऱ्यासच गप्प करण्यात आले.

आयोगाच्या पत्रातील एक मुद्दा आमच्या वाचकांनी मुद्दाम पाहण्यासारखा आहे. घरचे वातावरण एक आणि शाळेतले दुसरे असे झाल्यास मुलांच्या मनावर विनाकारण आघात होईल, असा त्याचा आशय होता. म्हणजे साक्षीस कोणास बोलाविले? घरास. तुमच्या-आमच्या घरास. आमच्या घरांत अशा मुलांविषयी तिरस्कार अथवा मौन आहे असे गृहीत धरून, शाळेनेही तेच पाळावे असा हा युक्तिवाद आहे. ह्या न्यायाने पाहिले तर ज्या घरात मुलीस शिकवू नये असे मत होते त्या घराशी विसंगती नको म्हणून मुलींच्या शाळा काढावयास नको होत्या. सावित्रीबाईंवर शेण फेकणाऱ्यांचेही म्हणणे ह्याहून निराळे नव्हते. शाळा ही घराची नक्कल असती तर तिची गरजच काय? शिवाय ज्याच्या घरी हा तिरस्कार आहे त्याच मुलास शाळेच्या आधाराची सर्वांत अधिक निकड आहे, हे पत्र लिहिणाऱ्यांच्या ध्यानात कसे आले नाही, ह्याचे आम्हांस आश्चर्य वाटते. मद्रासच्या उच्च न्यायालयाने त्याच वर्षी, 7 जून 2021 च्या आदेशात, ह्याच्या नेमकी उलट दिशा धरली होती. पालक-शिक्षक संघांमार्फत पालकांचे प्रबोधन करावे, असे त्या आदेशातील मार्गदर्शक सूचनांत होते. घर बदलत नाही म्हणून शाळेने थांबावे असे त्या न्यायाधीशांस वाटले नाही.

पुस्तक काढून घेतल्याने शाळेत काय होते, ह्याचे उदाहरण इंग्लंडात मिळते. डेन्मार्कमध्ये लिहिलेले, दोन पुरुषांच्या घरात वाढणाऱ्या एका लहान मुलीचे चित्रपुस्तक 1983 मध्ये इंग्रजीत आले आणि त्यावरून मोठा गहजब उडाला. 1988 मध्ये तेथे कलम 28 म्हणून ओळखला जाणारा कायदा झाला व स्थानिक संस्थांनी समलिंगी संबंधांस उत्तेजन देऊ नये असे ठरले. गंमत अशी की त्या कलमाखाली कोणावर यशस्वी खटला झाल्याचे उदाहरण नाही. परंतु त्याची भीती पुरेशी होती. मुलाचा छळ होताना दिसला तरी मध्ये पडावे की न पडावे, ह्या संभ्रमात शिक्षकांची एक पिढी गेली. स्कॉटलंडमध्ये ते कलम 2000 साली आणि इंग्लंड व वेल्समध्ये 2003 साली रद्द झाले. आमच्याकडे असे कलम कधीच नव्हते. 2007 मध्ये महाराष्ट्राने शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम बंद केला तेव्हा विधिमंडळात झालेला कोलाहल पुरेसा ठरला, आणि शिक्षकांनी त्याचा अर्थ आपापल्या परीने लावून घेतला.

शाळेने मुलांस असल्या गोष्टी शिकविणे म्हणजे त्यांच्या डोक्यात नसते काही घालणे, असे म्हणणारे पुष्कळ सद्गृहस्थ आहेत, आणि त्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. त्यांस एवढेच विचारावयाचे की, ‘छक्का’ हा शब्द त्यांच्या पाचवीतल्या मुलास कोणी शिकविला? विषय शाळेत आधीच आलेला आहे. फक्त तो शिकविण्याचे काम सध्या वर्गातील सर्वांत दांडग्या मुलाकडे आहे. शिक्षकाने त्यास एकदा सर्वांदेखत थांबवावे, ह्यास परिपत्रक लागत नाही. शाळेच्या ग्रंथालयात लक्ष्मी त्रिपाठी ह्यांचे पुस्तक वरच्या वर्गांसाठी ठेवावे आणि ‘मित्राची गोष्ट’ शिक्षकांनी स्वतःसाठी न्यावे, ह्यासही फारसा खर्च येत नाही. ‘श्यामची आई’ तर तेथे आहेच. फक्त वडाच्या कथेवर मुलांशी बोलताना आईच्या महतीबरोबर हसणाऱ्या पोरांविषयीही दोन प्रश्न विचारावेत.

आणखी एका प्रथेकडे लक्ष वेधतो. आमच्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत एखाद्या मुलास ओढणी नेसवून, लचकत चालावयास लावून हशा पिकविणारी नाटुकली अद्यापही बसविली जातात, आणि बहुधा ती बसविणारे शिक्षकच असतात. पुढच्या रांगेत पाहुणे हसतात, पालक हसतात. मागे, आठवीच्या बाकांवर, ज्यास वर्षभर ते नाव पडलेले असते तो मुलगाही हसतो, कारण न हसणे त्यास परवडत नाही. संमेलने बहुतेक शाळांत डिसेंबर-जानेवारीत होतात, आणि तालमींस दिवाळीनंतर आरंभ होतो. नाटुकल्याची निवड त्यापूर्वी व्हावयाची असते.